ग्रामीण आरोग्यसेवा आणि ब्रॉडबँडची वाट
(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास देशातील पहिली प्रवासी रेल्वे आली. लोहमार्गाने पुढे कल्याण-डोंबिवलीचे भाग्य पालटले. परंतु शहापूर तालुक्यातील आडवाटेचे पाडे आणि माळशेज घाटाकडील मुरबाडची गावे दूरच राहिली. तेथील रुग्णास तज्ज्ञ डॉक्टरांसाठी कल्याण वा ठाणे गाठावे लागते. दहा मिनिटांच्या फेरतपासणीसाठी रुग्णाचा आणि सोबत्याचा, असा दोघांचा रोज बुडतो. साहजिकच मधुमेह, रक्तदाबाच्या तपासण्या टळतात आणि आजार बळावल्यावरच रुग्ण रुग्णालयात पोहोचतो.

या अंतरावर दूरवैद्यक सेवा हा एक उपाय आहे. केंद्र शासनाने २५ मार्च २०२० रोजी तिची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि पुढच्याच महिन्यात ‘ई-संजीवनी’ची घरबसल्या सल्ल्याची सेवा सुरू झाली. दृक्‌श्राव्य, केवळ श्राव्य व लिखित अशा तिन्ही माध्यमांस त्यात मान्यता आहे. त्यामुळे जाळे क्षीण असले तरी जखमेचे छायाचित्र किंवा ई.सी.जी.चा आलेख पाठवून सल्ला घेता येतो. सर्पदंश किंवा अडलेली बाळंतीण यांवर पडद्यावरून उपचार होणार नाहीत. मात्र रुग्णास कोठे व किती त्वरेने हलवावे, हे वेळीच सांगता येते.

प्रश्न आहे तो जोडणीचा. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. तीच आजची ‘भारतनेट’. तारा बहुतांशी एका रेषेत टाकल्या गेल्या. रस्त्याच्या खोदकामात एके ठिकाणी तार तुटली की पुढील सर्व गावांचा संपर्क खंडित होतो. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित आराखड्यात वर्तुळाकार जोडणी स्वीकारण्यात आली; एक बाजू तुटली तरी दुसरीकडून संदेश जातो. तरीही ग्रामपंचायतीत तार आली म्हणजे आरोग्य उपकेंद्रात आली, असे होत नाही. पावसाळ्यात वीज गेली की असलेली जोडणीही निरुपयोगी ठरते.

दात्यांना विनंती अशी, की केवळ संगणक देऊन थांबू नये. पर्यायी जोडणी, बॅटरी, वार्षिक देखभाल आणि रुग्णाशेजारी बसणारी प्रशिक्षित परिचारिका यांचा खर्च फलकावर झळकत नाही. पण सेवा टिकते ती त्यावरच.

शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा धरणांचे पाणी मुंबईची तहान भागवते. बारवी धरणाचे पाणी कल्याण-डोंबिवलीत येते. ज्या डोंगरांनी आपणांस पाणी दिले, त्यांच्या पायथ्याशी वैद्यकीय सल्ला पोहोचविणे हे उपकार नव्हेत, ऋणफेड आहे. या कार्यास आपले साहाय्य लाभावे, ही नम्र प्रार्थना.