बेकारीचा आकडा वाचताना



स्पेनमध्ये २०२३ साली बेकारी सुमारे १२ टक्के होती. आपल्या देशात २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत ३.२ टक्के. मग आपण स्पेनपेक्षा सुखी का? तसे नाही. तिथे बेकारभत्त्याच्या आधाराने माणूस काही काळ मनाजोगे काम शोधत थांबू शकतो. आपल्याकडे हातावर पोट असणाऱ्याला थांबणे परवडत नाही. तो मिळेल ते काम धरतो आणि रोजगारात मोजला जातो. घरच्या शेतात, दुकानात बिनपगारी राबणारेही त्यातच येतात.

दुसरे असे की, जो काम शोधतच नाही तो बेकार नव्हे, श्रमशक्तीबाहेरचा. त्याच पाहणीत १५ वर्षांवरील पुरुषांपैकी ७८.८ टक्के श्रमशक्तीत होते, स्त्रियांपैकी ४१.७.

आपल्या वर्गातल्या ज्या हुशार मुलींनी संसारासाठी नोकरी सोडली आणि पुन्हा शोधली नाही, त्या बेकारीच्या आकड्यात कुठेच नाहीत. म्हणून बेकारी घटल्याची बातमी वाचाल तेव्हा एवढे विचारा: किती जण कामाला लागले आणि किती जणांनी शोधणेच सोडले? टक्केवारी वाचताना छेद आधी पाहावा, हे आपण याच शाळेत शिकलो.