चमचे मोजून घ्या, पुसून ठेवा



आज बऱ्याच गावांत बचत गटांकडे स्टीलची भांडी आहेत. बारसं असो, साखरपुडा असो की तेरावं, ताटं, वाट्या, चमचे गटाकडून भाड्यानं जातात आणि त्या पैशातून कर्जाचा हप्ता निघतो. पण काही दिवसांनी चमच्यांवर तांबूस ठिपके दिसायला लागतात. पाहुण्यांच्या हातात तसा चमचा पडला की गिऱ्हाईक पुढच्या वेळी मंडपवाल्याकडे जातं. आणि गटात वाद सुरू होतो, "शेवटी धुतले कोणी?"

स्टील गंजत नाही, असं आपण धरून चालतो. पण स्टेनलेस स्टीलमध्ये मोठा भाग लोखंडाचाच असतो. त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवा लागली की त्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो आणि तो लोखंडाला जपतो. मीठ आणि ओल बराच वेळ एकत्र राहिली, तर हा थर जागोजागी तुटतो आणि बारीक खड्डे पडतात. म्हणजे चमचा वापरून खराब होत नाही, खरकटा आणि ओला ठेवून होतो.

म्हणून पंगत उठली की चमचे लगेच साध्या पाण्यातून काढा. लोणच्याचे, मठ्ठ्याचे, आमटीचे आधी. मग साबण लावून मऊ घासणीनं घासा. लोखंडी तारेची घासणी नको. तिचे बारीक कण चमच्याला चिकटून राहतात आणि गंजतात.

भांडी टीसीएल पावडरीच्या पाण्यात रात्रभर भिजत घालू नका. त्यातल्या क्लोरीननं स्टील खराब होतं. आणि खताच्या रिकाम्या गोणीत तर भांडी कधीच भरू नका. खताचे क्षार स्टीलला लागतात, आणि आपण त्या भांड्यांत जेवतो.

सगळ्यात मोठं काम शेवटचं. प्रत्येक चमचा कोरड्या फडक्यानं पुसायचा, थोडा वेळ पसरून ठेवायचा, मगच पिशवीत भरायचा. दोघी-तिघी बसल्या तर शंभर चमचे गप्पा मारता मारता होतात.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले असतील, तर कोमट पाण्यात लिंबू पिळून पुसा आणि साध्या पाण्यानं धुवा. तांबूस ठिपक्यावर खायचा सोडा ओला करून मऊ फडक्यानं चोळा. वरवरचा असेल तर निघतो. नखाला खड्डा लागत असेल, तर तो चमचा बाजूला काढा.

नवीन खरेदी करताना नुसत्या चुंबकावर विसंबू नका. चांगल्या ३०४ स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, पण कमी निकेलच्या स्वस्त स्टीललाही चिकटत नाही. पक्कं बिल घ्या आणि त्यावर स्टीलचा प्रकार लिहून घ्या.

आता राहिला वाद. वहीत दोन रकाने वाढवा: भांडी परत आली तेव्हा किती आणि कशी होती, आणि पुसून कोणी ठेवली. भांडी घेऊन जाणाऱ्यासमोरच मोजा आणि बघा. पुसायची पाळी सगळ्यांची लावा, अध्यक्ष-सचिवांचीसुद्धा. नाहीतर हे काम नेहमी त्याच दोघींच्या गळ्यात पडतं, आणि बोलणीही त्यांनाच बसतात.

येत्या बैठकीत पिशव्या उघडा आणि चमचे एकदा उन्हात पसरून बघा.