टाकी वेगळी, पाणी वेगळे

मालेगाव म्हटले की अनेकांना नाशिककडचे मालेगाव आठवते. मी राहतो ते वाशीम जिल्ह्यातले मालेगाव. घराच्या मागच्या खोलीत आठ काचेच्या टाक्या आहेत. त्यांत मी गप्पी, मॉली आणि एंजल माशांची पैदास करतो. सुरुवात झाली ती भिंतीवरच्या घोषणेने : 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा.'

मासे पाळणे म्हणजे खरे तर पाणी सांभाळणे. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून विषारी अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्यामानाने सौम्य, ते पाणी बदलून कमी करता येते. म्हणजे फिल्टर ही नुसती गाळणी नव्हे, ते या जिवाणूंचे घर आहे. ते वसायला चार ते सहा आठवडे लागतात. माझ्या बोअरचे पाणी जड, सामू आठच्या आसपास. सात सामूच्या तुलनेत आठला अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. उन्हाळ्यात तो आणखी वाढतो आणि पाण्यातला प्राणवायू मात्र घटतो.

२००६ साली मी आठही टाक्या पाइपने खालच्या एका मोठ्या टाकीला जोडल्या. एक पंप, एक फिल्टर, आणि साठा मोठा म्हणून पाणीही स्थिर. सोय खरोखरच मोठी होती. मग घाई केली. नव्या मॉलीची जोडी वेगळी न ठेवता थेट सोडली. आठवडाभरात माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले. हा परजीवी पाण्यात पोहत दुसरा मासा गाठतो, आणि त्याला आठही घरांची वाट मीच मोकळी करून दिली होती. दोनशेवर पिल्ले गेली. मुलीने विचारले, ''बाबा, आजारी तर एकच टाकी होती ना?'' मला उत्तर देता आले नाही.

तेव्हापासून प्रत्येक टाकीला स्वतंत्र स्पंज फिल्टर आहे. हवेचा पंप एकच. त्याला आठ नळ्या, प्रत्येक नळीला छोटी झडप. वर जाणारे बुडबुडे पाणी स्पंजातून ओढतात. ही ओढ मंद असते, म्हणून पिल्ले अडकत नाहीत. उलट स्पंजावरचे सूक्ष्म जीव टिपून खातात. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरिनने जिवाणू मरतात. तो त्याच टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा. नवी टाकी मांडताना निरोगी टाकीतला मुरलेला स्पंज तिच्यात ठेवायचा. जाळी प्रत्येक टाकीची वेगळी, आणि नवे मासे तीन-चार आठवडे बाजूला.

भारनियमनाने आणखी एक धडा दिला. पंप पाण्याच्या पातळीहून वर ठेवावा. नाहीतर वीज जाताच पाणी नळीतून उलटे पंपात येते. सेलवर चालणारा एक छोटा पंप जवळ असावा. वीज नसताना माशांना खाऊ घालू नये.

एकत्र फिल्टर वाईट असे मी म्हणणार नाही. मोठे व्यावसायिक तो अतिनील दिवा लावून, शिस्तीने चालवतात. पण घरी टाक्या जोडण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारा : या टाकीत आजार आला, तर तो कुठवर जाईल? मी तो विचारला नव्हता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)