भरतीची नळी

कवितेत भरतीचा शब्द मला खपत नाही. सायकलीत मात्र भरतीची नळी हवीच. फ्रेमच्या नळीचे तोंड २७.२ मिलिमीटर आणि सीटची दांडी २५.४ असली, तर फरक १.८, चहूबाजूंनी फट ०.९. तेवढ्याच जाडीची, उभी चीर दिलेली नळी, म्हणजे शिम, मधे बसवावी. तिची चीर फ्रेमच्या चिरेशी जुळवावी. ही फट क्लॅम्प करकचून आवळून बुजवू नये. फ्रेमला तडा जाऊ शकतो, दांडीही घसरते, आणि त्या सीटवर कदाचित आपलेच मूल बसलेले असते. दांडीवरची किमान खोलीची खूण फ्रेमच्या आतच राहू द्यावी. जुने-नवे एकत्र नांदवायचे, तर मधला नेमक्या मापाचा हवा.