आधी मोजा, मग पेरा



दीक्षान्त समारंभात आशावादी राहा असं सांगायची प्रथा आहे. कृषी पदवीधरांना ते सांगताना मला जरा संकोच वाटतो. तुमच्यातले बरेच जण ज्या घरांतून आलेत, तिथं आशेची टंचाई कधीच नव्हती. दोन खरीप हातचे गेले तरी तिसऱ्या जूनला बियाण्याच्या दुकानापुढं रांग लागतेच. आपल्याकडं टंचाई आहे ती हिशेबाची. तेव्हा आज बोलायचं ते हिशेब मांडून झाल्यावर हातात उरणाऱ्या आशेबद्दल.

रावेच्या, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या, काळात कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून तुम्ही गावात सोयाबीनची उगवण चाचणी करून दाखवली असेल. पालकांसाठी सांगतो. घरच्या बियाण्यातले न निवडता शंभर दाणे घ्यायचे. गोणपाटाचा तुकडा ओला करून त्यावर दहा-दहाच्या ओळी मांडायच्या, वरून दुसरा ओला तुकडा टाकायचा, गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर निघाले तर शिफारशीप्रमाणे एकरी ३० किलो. बासष्ट निघाले तर ३४ किलो धरायचे. फारच कमी निघाले तर ते बियाणं तेलगिरणीच्या वाटेनं जाऊ द्यायचं आणि दुसरं शोधायचं.

या बासष्टच्या आकड्यापुढं तीन प्रकारची माणसं दिसतात. एक म्हणतो, ‘काही होत नाही, उगवतंय सगळं.’ त्याच्यावर दुबार पेरणीची पाळी येते. दुसरा म्हणतो, ‘सोयाबीनचं आता काही खरं नाही.’ त्याचं रान पड राहतं. तिसरा चार किलो बियाणं जास्त घेतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत ओल मुरेपर्यंत थांबतो आणि मग पाभर जुंपतो. मी आशावादी म्हणतो तो या तिसऱ्याला. पाऊस पडेलच याची खात्री त्यालाही नसते. पण स्वतःच्या हातातलं जेवढं होतं तेवढं केलेलं असल्यामुळं रात्री त्याला झोप लागते. मृगात झोप लागणं हा लहान फायदा नाही, हे मागच्या खुर्च्यांवर बसलेले आई-वडील मान्य करतील.

हा फरक शेतापुरता नाही. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपण प्रयत्न केला तर जमेल, अशी अपेक्षा ज्यांना होती त्यांचं वजन जास्त उतरलं. मात्र सडपातळ झाल्यावर आपण कशा दिसू याची गोड चित्रं ज्या रंगवत बसल्या, त्यांचं कमी उतरलं. अपेक्षा माणसाला कामाला लावते आणि स्वप्नरंजन आधीच पोट भरून टाकतं. आपल्याकडच्या प्रेरणादायी वक्त्यांचा बराचसा धंदा या दुसऱ्या मालावर चालतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आशावादी माणसं सरासरी ११ ते १५ टक्के जास्त जगतात, असंही २०१९ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिका आणि माजी सैनिकांच्या दीर्घ पाहणीतून पुढं आलं आहे. चांगलंच आहे, पण कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे अशा पाहणीत पुरतं सुटं करता येत नाही, म्हणून त्यावर मी फार वेळ घालवत नाही.

आता जरा अडचणीचा विषय. या मंडपातले कितीतरी जण पुढच्या महिन्यात पुण्याला निघतील. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, अभ्यासिकेचा पास, मेसचा डबा आणि स्पर्धा परीक्षा. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. आपल्यातले चांगले अधिकारी त्याच वाटेनं आले. पण तिथं उगवण चाचणी कोणी करत नाही. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, हे गणित एक एकर कापसाचा ताळेबंद तोंडपाठ असणारी मुलं सोयीस्कर विसरतात. ‘अजून एक अटेम्प्ट’ म्हणत तिशी येते आणि गावी फोन करायची लाज वाटायला लागते.

आपला अंदाज चुकतो, आणि तो बहुतेकदा एकाच बाजूला चुकतो. कॅनडातल्या संशोधकांनी तुमच्यासारख्याच शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध कधी पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. सगळंच बिनसलं असं धरूनही मुलं कमी पडली. हा अभ्यास १९९४ मध्ये छापून आला. तुमच्या प्रबंधाला किती दिवस जास्त लागले, ते गाइडसमोर मी विचारत नाही.

म्हणून परीक्षेला बसायचं तर प्रयत्नांची संख्या आजच कागदावर लिहा, आणि त्या काळात चालू राहील असं दुसरं कामही लिहा. ते रोपवाटिका असेल, शेतकरी उत्पादक कंपनीतली नोकरी असेल, माती परीक्षणाचं काम असेल. दुसरी वाट आखणं म्हणजे पहिलीवर अविश्वास, असं क्लासवाले सांगतात. त्यांना फी हवी असते.

हिशेब चुकला तर काय, हे आपल्या हवामान खात्याकडून शिकण्यासारखं आहे. खात्याची थट्टा करणं हा आपला जुना छंद, मीही त्यात मागं नाही. डॉ. वसंत गोवारीकरांच्या पुढाकारानं १९८८ पासून सोळा घटकांवर आधारलेलं प्रारूप वापरात आलं. २००१ पर्यंत सलग चौदा वर्षं मोसमी पाऊस देशभर सर्वसाधारण किंवा त्याहून जास्त राहिला आणि खात्याचा अंदाजही साधारण तसाच होता. २००२ ला अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के. पडला ८१ टक्के. जुलै महिना तर जवळजवळ निम्म्यावर आला. देश दुष्काळात गेला. मग प्रारूप तपासलं गेलं, २००३ मध्ये नवं आणलं, अंदाज दोन टप्प्यांत द्यायला सुरुवात झाली. चुकीला किती वाव आहे तेही खातं सोबत सांगतं. तरी २००९ मध्ये पुन्हा मोठी चूक झाली. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये खातं पुन्हा अंदाज घेऊन लोकांपुढं उभं राहिलंच. आपला अंदाज किती चुकू शकतो हे आधीच सांगणाऱ्याला चुकल्यावर तोंड लपवावं लागत नाही. हिशेबी आशेचा हा दुसरा फायदा.

तिसऱ्या फायद्यासाठी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला चला. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे या पुण्याच्या अभियंता-उद्योजकानं दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसं पाहिली. पुढं त्यांनी देवस्थानची सुमारे ४० एकर माळजमीन कसायला घेतली आणि पडणारं पाणी तिथंच अडवून काय पिकतं ते करून दाखवलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम वाचा, एकही वाक्य भावनेला हात घालत नाही. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं द्यायचं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. खर्चाचा २० टक्के भार लाभधारकांनी उचलायचा.

यात सगळ्यांना बागायतदार करण्याचं आश्वासन कुठंच नव्हतं. पाणी थोडं आहे आणि थोडंच राहणार, हे आधी कबूल केलं. मग एवढ्या पाण्यात प्रत्येक घराचं किमान अन्न कसं पिकेल ते बसवलं. म्हणून लोक एकत्र आले. खोटी आशा दाखवणाऱ्यामागं माणसं एकदा जातात. आकडा पुढं ठेवणाऱ्याबरोबर पदरचा पैसाही घालतात. तुम्ही सहायक कृषी अधिकारी व्हाल, बँकेत कृषी अधिकारी व्हाल, निविष्ठांचं दुकान टाकाल, तेव्हा याचा अनुभव येईल. ‘साहेब, यंदा कसं होईल?’ असं कोणी विचारलं तर ‘चांगलंच होईल’ म्हणून त्याला वाटेला लावू नका. जमिनीतली ओल विचारा, विहिरीची पातळी विचारा, डोक्यावर कर्ज किती ते विचारा. त्यातून जे निघतं ते सांगा, आणि त्यातून काय करता येतं तेही सांगा. यातलं एकच सांगणारे गावात भरपूर आहेत.

तुम्हा सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. दोन विनंत्या करतो आणि खाली बसतो. आज घरी पोचल्यावर आई-वडिलांना तुमचा पुढचा बेत आकड्यांसकट सांगा: किती वर्षं, किती खर्च, आणि जमलं नाही तर काय. आणि पुढच्या जूनमध्ये, नोकरी कुठंही असो, आपल्या गावातल्या दहा घरांची उगवण चाचणी पेरणीच्या आधी करून द्या.