बाद झालेल्या मुलांचा तास

महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून शिट्टी खिशात घेऊनच आलेल्या माझ्या शारीरिक शिक्षक बंधू-भगिनींनो,

वैद्य बंधूंनी १९१४ साली याच अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ तिथे करून दाखवले. या गावाला व्यायामाचं महत्त्व मी सांगायला नको, आणि मी ते सांगणारही नाही. मला बोलायचं आहे ते फक्त सहावी, सातवी आणि आठवीबद्दल. त्यातही, आपल्या तासाला मैदानाच्या कडेला बसून असलेल्या मुलांबद्दल.

आपला तास साधारण पस्तीस मिनिटांचा. वर्गातून मैदानावर येऊन रांगा लागेपर्यंत सात-आठ मिनिटं गेलेली असतात. वर्गात समजा पन्नास मुलं आहेत आणि आपण खो-खो लावला. आठ जण पाटीवर बसलेले, एक पाठलाग करणारा, पहिल्या तुकडीचे तीन पळणारे. म्हणजे बारा मुलं खेळात, त्यातली एका वेळी पळणारी चार. बाकीची अडतीस? ती बघतात, ढकलाढकली करतात, मातीत रेघोट्या ओढतात. खो-खोवर माझा राग नाही. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताने पुरुष आणि महिला दोन्ही गटांत तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते, तेव्हा तुमच्यासारखाच मीही नाचलो. पण स्पर्धेचा खेळ आणि तासाचा खेळ यांत फरक केलाच पाहिजे. तासाला फक्कीने चार छोटी मैदानं आखा, पाटीवर चारच मुलं बसवा, खांब नसला तर वीट ठेवा. नियमपुस्तक हरकत घेईल, मुलं घेणार नाहीत.

याहून वाईट प्रकार बाद होण्याच्या खेळांचा. डॉजबॉलमध्ये सर्वांत आधी कोण बाद होतं? ज्याला चेंडू चुकवता येत नाही तो. म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच दुसऱ्या मिनिटाला कडेला, आणि ज्याला सगळं येतं तो शेवटपर्यंत मैदानात. गणिताच्या तासाला पहिलं उदाहरण चुकलेल्या मुलाला कोणी वर्गाबाहेर काढतं का? आपण काढतो, वर शिट्टी वाजवून. बाद झालेल्याने दहा उड्या मारून परत आत यावं, इतका साधा बदल केला तरी कडेची रांग मोडते.

आता या वयाकडे जरा जवळून बघू. सातवीच्या वर्गात रांग लावली की एखादी मुलगी बाईंच्या खांद्याला लागते आणि शेजारचा मुलगा अजून चौथीतला वाटतो. मुलींची उंची झपाट्याने वाढते ती साधारण अकरा-बाराच्या सुमारास, मुलग्यांची तेरा-चौदाच्या. त्यातही कोणी दोन वर्षं आधी, कोणी दोन वर्षं मागे. चौदा वर्षांखालच्या संघाची निवड करताना आपण पुष्कळदा कौशल्य निवडतो असं समजून लवकर वाढलेलं अंग निवडतो. उशिरा वाढणारा पोरगा दहावीत त्याच उंचीला पोहोचतो, पण तोवर त्याने मैदान सोडलेलं असतं. खेलो इंडियाच्या चाचणीतली ६०० मीटर धाव आपण घेतो, घेतलीच पाहिजे. पण निकाल लावताना मुलाची वेळ त्याच्याच मागच्या वेळेशी ताडून पाहा. जूनमध्ये उंची-वजन घेतलंत, तसंच जानेवारीत पुन्हा घ्या. सहा महिन्यांत पाच सेंटिमीटर वाढलेल्या मुलाचे हातपाय काही काळ त्याचं ऐकत नाहीत. तो धांदरट झालेला नसतो.

आणि गुडघ्याखालच्या हाडावर टेंगूळ येऊन दुखतं म्हणणारा मुलगा कामचुकार नसतो. वाढीच्या वयात धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांना हे दुखणं होतं. त्याला काही दिवस उड्या बंद करून चेंडू फेकायला द्या, दुखणं थांबलं नाही तर डॉक्टरांकडे पाठवा.

मुलींची गोष्ट वेगळी आणि जास्त नाजूक. सहावीपर्यंत लंगडीत पुढे असलेली मुलगी आठवीत पोट दुखतं म्हणून पायरीवर बसू लागते. कधी खरोखर दुखत असतं. कधी मैदानाजवळच्या स्वच्छतागृहाला कडीच नसते, आणि ते ती सरांना सांगू शकत नाही. पाळीत खेळल्याने अपाय होत नाही, हे तिला कळलं पाहिजे. खेळायचं की नाही हे मात्र तिने ठरवावं, आणि त्याचं कारण चारचौघांत विचारू नये. कडी बसवायला अनुदान लागत नाही.

तिसऱ्या फेरीतच धाप लागणाऱ्या मुलीला आपण आळशी म्हणून मोकळे होतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. तो काही पंधराव्या वाढदिवसाला सुरू झालेला नाही. आठवड्याची लोहाची निळी गोळी पोटात जाते की खिडकीबाहेर, हे वर्गशिक्षकांना विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधून सुरू झाला. त्याचं तपासणी पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, आपण त्या मुलीला आठवड्यातून दोन-तीनदा धावताना बघतो. पथक येईल तेव्हा आपल्या हातात नावांची यादी तयार असली पाहिजे.

तुम्ही म्हणाल, हे करायला माणसं कुठे आहेत? बरोबर आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा निदेशक आहे, पण अंशकालीन, आणि पट शंभरावर असेल तरच. पट ब्याण्णव असलेल्या शाळेतल्या मुलांना शरीर नसतं, असं समजायचं का? हा लढा संघटनेने चालू ठेवावा. पुढचे वक्ते त्यावर माझ्यापेक्षा जोरात बोलतील, म्हणून मी थांबतो.

जे आपल्याच हातात आहे त्याबद्दल एक बोलून खाली बसतो. गृहपाठ केला नाही, काढ उठाबशा. उशिरा आलास, मार मैदानाला पाच चकरा. आणि वर्गात गोंधळ केला की आज पी.टी. बंद. म्हणजे व्यायाम ही शिक्षा, आणि व्यायाम न मिळणं हीसुद्धा शिक्षा! मुलांनी यातून घ्यायचं तरी काय? उठाबशा हा आपल्या तालमींचा व्यायाम, बैठकांचा धाकटा भाऊ. त्याला आपण कान धरायला लावलं. शारीरिक शिक्षेला कायद्याने बंदी आहे, ती वेगळी. पण व्यायामाची ही बदनामी इतर विषयांच्या शिक्षकांइतकीच आपणही करतो.

म्हणून दुपारच्या खुल्या सत्रात मी स्वतः ठराव मांडणार आहे: शाळेत कोणताही व्यायामप्रकार शिक्षा म्हणून दिला जाणार नाही, आणि शिक्षा म्हणून किंवा अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी खेळाचा तास काढून घेतला जाणार नाही. आधी तो आपण आपापल्या मैदानावर पाळायचा, मग मुख्याध्यापकांकडे न्यायचा. ज्यांचा विरोध असेल त्यांनी मला जेवणाआधी गाठावं. जेवणानंतर या सभागृहात कोण जागं असेल याची मला खात्री नाही.