गॅसचा लायटर आणि विमानाचा पंख

नवी मुंबई विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावं उठली. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागली. परवा गटाच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, "पंख एवढा हलतो, मोडत नाही का गं?"

पंख मुद्दामच लवचिक ठेवतात. अगदी ताठ केला तर जड होईल. पण थरथर वाढतच गेली तर धोका. ती आवरायची एक युक्ती आपल्या ओट्यावरच आहे. गॅसच्या लायटरमध्ये पिझो नावाचा खडा असतो. त्यावर टक्‌कन ठोका बसला की वीज तयार होते, ठिणगी पडते. हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला. उलटंही घडतं: वीज दिली की खडा किंचित लांबतो, आखडतो. अशा पातळ पट्ट्या पंखाला चिकटवतात. एक पट्टी थरथर ओळखते, दुसरी उलट ओढून ती शमवते. झोका उलटा रेटला की थांबतो, तसंच. प्रवासी विमानांत हे अजून सर्रास नाही. संशोधन चालू आहे.

जमीन आपली गेली. तिथे आपल्या मुलींच्या वाट्याला फक्त साफसफाई येऊ नये. दहावीनंतर लेक विज्ञान घेते म्हणाली, तर तिला अडवू नका.